शेपूचा एक पट्टा बियाण्यासाठी राखावा



धानाची कापणी आटोपली, बांध्या मोकळ्या झाल्या, खळ्यावर पुंजणी उभी राहिली आणि वैनगंगेच्या काठी पहाटेचा गारवा अंगाला झोंबू लागला, म्हणजे आपल्या बालाघाट जिल्ह्यातील गृहिणीचे लक्ष आपोआप घरामागच्या सांदवाडीकडे वळते. पावसाळाभर तेथे दोडके, कारली आणि काकड्या यांचे राज्य असते. ते वेल आता पिवळे पडून मांडवावर लोंबत असतात. ते उपटून टाकावेत, माती उकरावी आणि हिवाळ्याच्या पालेभाज्यांसाठी वाफे करावेत, असे हे दिवस आहेत. मेथी, पालक व कोथिंबीर यांची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. परंतु याच पंक्तीतील एक भाजी मात्र पुष्कळ घरांतून हळूहळू उठून चालली आहे. ती म्हणजे शेपू.

शेपूचे नाव काढताच मुले नाके मुरडतात, हे आम्हांस ठाऊक आहे. मोठी माणसेही, दुपारी खाल्लेल्या शेपूची आठवण संध्याकाळच्या ढेकरातून येते, असे म्हणून हसतात. पण ही भाजी ताटातून गेली तर एकटी जात नाही. तिच्याबरोबर तिचे बी जाते, आणि बी गेले म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत लागणारी एक जुनी वस्तू घरातून नाहीशी होते. ही गोष्ट आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्याच घरी ती घडली. म्हणून आधी आमची चूक सांगतो आणि मग शेपू कसा पेरावा, कसा रांधावा व त्याचे बी कसे राखावे, याकडे वळतो.

आमच्या घरी सांदवाडीचा कारभार मोठ्या आईकडे असे. तिच्या चुलीमागच्या फळीवर राखेने भरलेली मातीची लहान मडकी ओळीने मांडलेली असत, आणि त्यांतील एका मडक्यात शेपूचे बी असे. दरवर्षी ती शेपूचा मोठा वाफा करी, परंतु त्यातला भिंतीकडचा हातभर रुंदीचा पट्टा कोणालाही खुडू देत नसे. घरी पाहुणे आले आणि भाजी अपुरी पडली तरी त्या पट्ट्याला विळा लागत नसे. आम्ही लहानपणी विचारले, तर ती म्हणे, “हा आपला नाही रे, हा पुढच्या वर्षीचा आहे.” मोठी आई गेली, आणि पुढच्याच हिवाळ्यात आम्ही शहाणपणाने तो पट्टाही खाऊन टाकला. बी काय, बाजारात मिळते, असे आम्हांस वाटले.

दुसऱ्या वर्षी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळंतशेपा हव्या होत्या. मडके उघडले, तो राखेशिवाय काही नाही. बाजारात जाऊन आम्ही नुसते “शेप द्या” म्हटले. दुकानदाराने मागितली ती वस्तू दिली, म्हणजे बडीशेप दिली. त्यातली थोडी बहिणीस दिली आणि उरलेली मोठ्या ऐटीत वाफ्यात पेरली. हिरवे, नाजूक पान पाहून आम्हांस आनंद झाला. पण भाजी शिजली आणि तिला पानसुपारीच्या तबकासारखा गोड वास सुटला, तेव्हा घरातील सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. दुकानदाराचा यात काडीचाही दोष नव्हता. दोष आमच्या अर्धवट शब्दाचा आणि रिकाम्या मडक्याचा होता.

नावांचा घोटाळा

हा घोटाळा आपल्या भागात विशेष सोपा आहे. कारण आपण दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे घरात आपण शेपू म्हणतो, तर बाजारात तीच जुडी सोवा किंवा सोया या नावाने विकली जाते. सोया म्हटले की आज निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर सोयाबीन उभे राहते. शिवाय मराठीत शेपूच्या बियांना शेपा वा बाळंतशेपा म्हणतात, आणि मुखशुद्धीसाठी खातात ती बडीशेप निराळी. वैद्यांच्या संस्कृत ग्रंथांतून शेपूला शतपुष्पा म्हटले आहे. शेकडो इवल्या फुलांची पिवळी छत्री ज्याने पाहिली आहे, त्याला या नावाचा अर्थ सांगावा लागणार नाही.

तेव्हा बी घेताना डोळा व नाक या दोहोंचा उपयोग करावा. शेपूचे बी चपटे, लंबगोल व तपकिरी असते आणि त्याच्या कडेला फिकट रंगाची पातळ किनार दिसते. बडीशेपेचा दाणा त्याहून लांब व जाड असून हिरवट असतो आणि त्यावर उठून दिसणाऱ्या रेघा असतात. दोन बोटांत चुरडले की बडीशेप गोड वास देते. शेपूचा वास मात्र शहाजिऱ्याच्या जातीचा, उग्र व किंचित तिखट. हे साम्य उगाच नाही. शहाजिऱ्यात जे कार्व्होन नावाचे सुगंधी द्रव्य असते, तेच शेपूच्या बियांतही असते. आपल्या देशी शेपूत त्याच्या जोडीला डिलापिओल नावाचे आणखी एक द्रव्य पुष्कळ असते. युरोपात पिकणाऱ्या शेपूत ते फारसे आढळत नाही, म्हणून तिकडच्या शेपूचा वास सौम्य आणि आपल्याकडचा उग्र.

पेरणी

बालाघाटच्या हवेत शेपूची योग्य वेळ म्हणजे पाऊस पुरता गेल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. भर पावसात पेरलेला शेपू आपल्या चिकट मातीत कोवळेपणीच कुजतो. उलट माघात पेरला, तर उन्हाची चाहूल लागताच चार पाने टाकून तो घाईघाईने फुलावर येतो आणि भाजी हाती लागत नाही. थंडी हाच त्याचा मित्र होय.

सहा-सात तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. बांधीत धान निघाल्यावर ओल बरेच दिवस टिकते आणि पाणी मुरत नाही, म्हणून तेथे पेरू नये. घराजवळ दोन हात रुंद व चार-पाच हात लांब असा वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा. माती काळी व चिकट असेल तर तीत नदीची वाळू आणि दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. त्याने तण माजते आणि कोवळी रोपे जळतात.

एवढ्या वाफ्यास एक ते दोन लहान चमचे बी पुरे होते. शेपूचा जो दाणा आपण पाहतो तो पुष्कळदा जोडदाणा असतो, म्हणून बी तळहातांवर हलकेच चोळून सुटे करावे आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवावे. सकाळी पाणी निथळून, कोरड्या वाळूत किंवा राखेत मिसळले म्हणजे हातातून सारखे पडते. वाफ्यात वीत-वीत अंतरावर बोटाने उथळ रेघा ओढून त्यांत बी टाकावे आणि वरून चाळलेली माती एक दाण्याच्या जाडीएवढीच, फार तर अर्धा सेंटिमीटर, पसरावी. खोल गेलेले बी वर येत नाही. वर तणसाचा पातळ थर अंथरून झारीने पाणी द्यावे. घागरीची धार सोडू नये. तिने सर्व बी एका कोपऱ्यात वाहून जाते आणि मग तेथे रान व इतरत्र टक्कल, असा वाफा दिसतो.

शेपू उगवण्यास आठ ते पंधरा दिवस घेतो. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोके वर काढते, म्हणून शेपूच्या बाबतीत अधीर माणसे पाचव्या दिवशी वाफा उकरून पाहतात आणि होते ते बी बिघडवतात. धीर धरावा, माती ओली ठेवावी आणि पहिले सुईसारखे अंकुर दिसताच संध्याकाळी तणस अलगद काढून घ्यावे. शेपूचे मूळ सरळ खाली जाणारे सोटमूळ असते. त्यामुळे वांग्या-टमाट्यांप्रमाणे रोप एका जागेवरून दुसरीकडे लावलेले त्याला मानवत नाही. जेथे वाढवायचा तेथेच पेरावा.

ज्यांच्याकडे अंगण नाही, त्यांनी फुटकी बादली वा जुना डबा घ्यावा. मात्र तो फूटभर तरी खोल असावा आणि त्याच्या तळाला भोके असावीत. सर्व बी एकाच दिवशी न पेरता पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने तीन वेळा पेरले, तर नाताळच्या आधीपासून माघापर्यंत घरी कोवळा पाला मिळत राहतो.

खुडणी आणि राखलेला पट्टा

रोपे बोटभर झाली की दाट जागची विरळ करावीत. उपटलेली रोपे टाकू नयेत. तीच पहिली भाजी. पाच-सहा आठवड्यांत शेपू वीतभर उंच होतो, तेव्हा बाहेरची पाने खुडावीत किंवा एकाआड एक रोप मुळासकट उपटावे. सकाळी दव वाळल्यावर काढलेल्या पाल्याला वास अधिक असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिल्या पेरणीच्या वाफ्यातला एक हातभर पट्टा पहिल्या दिवसापासून वेगळा समजावा. त्यात वीस-पंचवीस तरी रोपे, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, ठेवावीत. शेपूच्या फुलांवर कीटक येऊन परागांची देवघेव होते, म्हणून दोन-तीन झाडांच्या बियांवर विसंबू नये. वाण हळूहळू दुबळे होत जाते. आणखी एक गोष्ट मोठी आई कटाक्षाने पाळी. जे झाड सर्वांच्या आधी फुलावर येई, ते ती उपटून भाजीत टाकी. तेव्हा आम्हांस याचे नवल वाटे. आज त्याचे कारण कळते. जे झाड लवकर फुलते, त्याच्या बियांची झाडेही लवकरच फुलू पाहतात आणि पाला कमी देतात. ज्याला भाजी हवी, त्याने उशिरा फुलणाऱ्या, भरघोस पानांच्या झाडांचेच बी धरावे. पुष्कळ घरी याच्या नेमके उलट घडते. चांगली झाडे आधी खाल्ली जातात आणि खाण्याच्या लायकीची नसलेली चार काड्यांची झाडे बियाण्यास उरतात. मग चार-पाच वर्षांत ‘आमच्याकडे शेपू होत नाही’ असे म्हणण्याची पाळी येते.

माघ-फाल्गुनात त्या पट्ट्यावर पिवळ्या छत्र्या उभ्या राहतात आणि मधमाश्यांची गर्दी होते. या वेळी मावा पडण्याची भीती असते. पाण्याचा जोरदार फवारा सकाळी दोन-चार दिवस मारावा. फार झाल्यास निंबोळीच्या अर्काचा उपयोग करावा. जे बी आपण खाणार, त्यावर शेतातली विषारी औषधे मारू नयेत. दाणे तपकिरी होऊ लागले की मधली मोठी छत्री आधी पिकते आणि बाजूच्या मागाहून. सर्व एकदम वाळण्याची वाट पाहिली, तर निम्मे बी जमिनीवर झडते. म्हणून पहाटे, दव असतानाच, पिकलेल्या छत्र्या देठासह कापाव्यात, त्यांची जुडी करून सुती कापडात सैल बांधावी आणि सावलीत उलटी टांगावी. आठ-दहा दिवसांनी काठीने हलके झोडपून सुपात पाखडावे. पाखडताना मात्र हात जपून चालवावा, कारण हे बी फार हलके असते आणि फोलपटाबरोबर उडून जाते.

सावलीत चांगले वाळवलेले बी घट्ट झाकणाच्या बरणीत किंवा कोरड्या राखेच्या मडक्यात ठेवावे आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी. असे बी दोन-तीन वर्षे उगवणक्षम राहते, त्यानंतर त्याचा भरवसा नाही. पेरण्यापूर्वी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून बारा दिवस ठेवावेत. चौदा-पंधरा दाण्यांना मोड आले तर बी चांगले; आठ-दहांनाच आले तर दुप्पट पेरावे.

आज बाजारात पाकिटबंद बियाणे मिळते व ते वापरण्यास हरकत नाही. फक्त दोन सूचना ध्यानात ठेवाव्यात. पाकिटावरची मुदत वाचावी. आणि पेरणीचे जे बी गुलाबी, निळे वा हिरवे रंगवलेले असते, त्याला बुरशीनाशक औषध चोळलेले असते, म्हणून ते चुकूनही फोडणीत किंवा बाळंतिणीच्या डब्यात जाऊ देऊ नये. उरलेले पाकीट मसाल्याच्या डब्यांजवळ ठेवू नये.

स्वयंपाकघरात

शेपूची बदनामी बहुधा रांधण्याच्या दोषाने होते. जाड, पोकळ देठ तसेच ठेवले तर भाजी दोरकट होते. पाणी घालून शिजवली तर तिचा उग्रपणा सबंध घरभर पसरतो. दोन मध्यम जुड्या घ्याव्यात, जाड देठ काढावेत, पाला दोन-तीन पाण्यांतून धुऊन निथळावा व बारीक चिरावा. अर्धी वाटी मुगाची डाळ तासभर भिजवावी. तेलात सात-आठ लसणाच्या पाकळ्या ठेचून तांबूस होईपर्यंत परताव्यात, दोन हिरव्या मिरच्या व चिमूटभर हळद टाकावी, मग डाळ घालून दोन मिनिटे परतून वरून शेपू टाकावा. कढईवर झाकण ठेवून त्या झाकणावर थोडे पाणी ओतावे. वाफेवरच डाळ बोटचेपी शिजते. पाला शिजून निम्म्याहून कमी होतो, म्हणून मीठ शेवटी घालावे. आधी घातले तर हमखास खारट होते. ज्या मुलांना वास सोसत नाही, त्यांच्यासाठी पहिल्या खेपेस निम्मा शेपू व निम्मा पालक घ्यावा. नंतर पालक हळूहळू कमी करावा. आमच्या घरी ही युक्ती दोन हिवाळ्यांत फळास आली.

आपला जिल्हा तांदळाचा. येथल्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे. तेव्हा शेपूला तांदळाची सोबत देऊन पाहावी. तांदळाच्या पिठात मूठभर चिरलेला शेपू, कांदा, मिरची व मीठ घालून गरम पाण्यात पीठ मळावे आणि ओल्या फडक्यावर थापून तव्यावर भाकर भाजावी. कर्नाटकात अशीच रोटी घरोघर होते. तिला तेथे अक्की रोटी म्हणतात आणि शेपूला सब्बसिगे सोप्पु. दूर इराणात तर शेपूचा भात मोठ्या मानाचा आहे. बाकल्याचे कोवळे दाणे आणि भरपूर शेपू घालून केलेल्या त्या भातास बाघाली पोलो म्हणतात. आपल्याकडे बाकला नसला तरी हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा मुबलक असतात. त्यांचे दाणे अर्धवट शिजवून, मोकळ्या भातात चिरलेल्या शेपूसह थरावर थर घालून मंद आचेवर दम द्यावा आणि वरून चमचाभर तूप सोडावे. मात्र यासाठी चिन्नोर घेऊ नये, साधा तांदूळ घ्यावा. ज्या तांदळाला स्वतःचा सुगंध आहे, त्याच्यावर शेपूचा वास लादणे म्हणजे दोघांचाही अपमान होय.

शुक्रवारी घरी मासळी येते, त्या कुटुंबांनी आणखी एक प्रयोग करावा. चिंचेच्या आंबट रश्शात नदीची मासळी शिजली की चूल विझवण्याच्या वेळी दोन चमचे बारीक चिरलेला शेपू टाकून झाकण ठेवावे. उत्तर युरोपात मासळी आणि शेपू यांची जोडी फार जुनी आहे, आणि पोलंड व रशिया या देशांत काकडीचे खारवलेले लोणचे शेपूच्या छत्रीवाचून घालीत नाहीत.

बाळंतिणीची खोली

बाळंतशेपा या नावातच या बियांचे मुख्य काम सांगितले आहे. स्त्रिया व बालके यांच्या आरोग्याविषयीचा जो प्राचीन ‘काश्यपसंहिता’ ग्रंथ, त्यात शतपुष्पा व शतावरी यांच्यासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे, यावरून हा व्यवहार किती जुना आहे ते ध्यानात येईल. आपल्या घरांतून बाळंतशेपा, ओवा, तीळ व सुके खोबरे निरनिराळे मंद भाजून, त्यात थोडे सैंधव मीठ मिसळून बाळंतिणीची सुपारी करतात. जेवणानंतर ती चमचाभर चावून खाल्ली म्हणजे तोंडास चव येते आणि पोटातील वारा सरतो, असा घरोघरचा अनुभव आहे.

परंतु येथे एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगू इच्छितो. हे बी आईसाठी आहे, तान्ह्या बाळासाठी नव्हे. शेपूच्या अर्काचे नाव बाळाच्या पोटदुखीशी जोडले गेले त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली. इंग्लंडात विल्यम वुडवर्ड या औषधविक्याने १८५१ साली ग्राइप वॉटर तयार केले, त्यात शेपूचे तेल होते आणि त्या काळी मद्यार्कही असे. आजचे वैद्यकशास्त्र मात्र निराळे सांगते. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे, साधे पाणीदेखील देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. घरी उकळलेल्या शेपांच्या पाण्याने बाळाचे पोट भरते व दूध कमी जाते. भांडे किंवा पाणी अशुद्ध असेल तर हगवणीचे निमित्त होते. म्हणून आजीबाईंनी प्रेमापोटीही चमचा पुढे करू नये. बाळ सारखे रडत असेल, तर त्यास डॉक्टरांकडे न्यावे. तसेच गरोदरपणी शेपूची भाजी जेवणात बेताने खाण्यास हरकत नाही, पण शेपांचे काढे व अर्क डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत.

शुभवर्तमानातील शेप

आपल्या वाचकांनी शेपेचे नाव मंदिरातही ऐकले असेल. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशू परुश्यांना दोष देतो, कारण ते पुदिना, शेप व जिरे यांचा दशांश काटेकोरपणे देत, पण न्याय, दया व विश्वास या मोठ्या गोष्टी विसरत. मूळ ग्रीक शब्द शेपूचाच आहे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात त्याचे भाषांतर दुसऱ्याच एका सुवासिक बियाचे नाव देऊन केले होते, ते पुढील भाषांतरांत सुधारण्यात आले. तेव्हा शेपेच्या नावांचा घोटाळा केवळ बालाघाटच्या बाजारातच होतो असे नाही! ज्यूंच्या मिश्ना या ग्रंथात तर शेपूचा दशांश पाल्याचा धरावा की बियांचाही, याची चर्चा केलेली आढळते. ज्याने शेपा सुपात पाखडल्या आहेत, त्यालाच या दृष्टान्तातील मर्म खरे कळेल. फुंकरीने उडणारे ते दाणे. त्यांतला दहावा मोजून वेगळा काढायचा, आणि दारी उभा असलेला गरजू मात्र दिसायचा नाही! तरीही लहान गोष्ट सोडून द्या, असे प्रभू म्हणत नाही. मोठी गोष्ट करा आणि लहानही सोडू नका, असेच तो सांगतो.

आता आमच्या गोष्टीचा शेवट सांगून लेखणी आवरतो. त्या वर्षी आमचा वाफा बडीशेपेने भरला, तेव्हा नदीपलीकडच्या गावची एक वृद्ध बाई बहिणीच्या बाळाला पाहण्यास आली. पदराच्या गाठीतून तिने मूठभर शेपा काढून बाळंतिणीच्या उशाशी ठेवल्या. आम्ही संकोचाने म्हणालो, “आजी, आमच्याकडचे बी संपले. यातले थोडे पेरायला ठेवले तर चालेल ना?” ती हसली आणि म्हणाली, “अरे, हे तुमचेच आहे. माझी लेक बाळंत झाली, तेव्हा तुमच्या मोठ्या आईने दिले होते. तेव्हापासून दरसाल पेरते.” आम्ही ज्या मुठीची कधी आठवणही ठेवली नव्हती, तीच परत आली होती. घरच्या मडक्यातले बी आम्ही संपवले. दिलेले मात्र राहिले.

म्हणून वाचकहो, या हिवाळ्यात शेपूचा एक वाफा अवश्य करावा. त्यातला हातभर पट्टा खाऊ नये. आणि फाल्गुनात बी पाखडून झाले की त्याचे दोन भाग करावेत. एक आपल्या मडक्यात ठेवावा व दुसरा, ज्या घरी पाळणा हलणार आहे त्या घरी, जातपात व धर्म न विचारता, नेऊन द्यावा.